मोटर वॉरंटीत, बेअरिंग वाऱ्यावर

आमचं फ्रंट लोड वॉशिंग मशीन सहाव्या वर्षात बिघडलं, तेव्हा त्याच्या दर्शनी भागावरचा 'मोटरवर १० वर्षं वॉरंटी' हा गोल स्टिकर अजून नव्यासारखा चकचकीत होता. मशीन घेताना दोन मॉडेलांमध्ये आमचं ठरत नव्हतं आणि त्या स्टिकरनंच पारडं झुकवलं होतं. पुढे जे झालं त्यातून वॉरंटी कार्ड कसं वाचायचं, बिघाड कसा ओळखायचा आणि दुरुस्तीसाठी कुणाला काय विचारायचं, हे मला कळत गेलं. ते सविस्तर लिहितेय, कारण त्या काळात असं कुणी नीट सांगणारं भेटलं असतं तर माझी बरीच पायपीट वाचली असती.

सुरुवात आवाजानं झाली. कपडे धुताना काही जाणवायचं नाही. शेवटी पिळायची वेळ आली, ड्रम वेग घेऊ लागला, की आतून जातं फिरल्यासारखी घरघर यायची. सासूबाई म्हणाल्या, "अगं, हे हल्ली फार कण्हतंय." मी आधी मशीनचे पाय तपासले. मशीन चारही पायांवर सारखं टेकलेलं नसेल तरी आवाज येतो, पण तो ठोके पडल्यासारखा असतो आणि कपडे एका बाजूला गोळा झाले की वाढतो. आमचा आवाज सलग होता आणि ड्रमच्या वेगाबरोबर चढत जायचा.

मग प्लग काढून रिकामा ड्रम हातानं फिरवला. धडधाकट ड्रम जवळजवळ आवाज न करता फिरतो. आमच्या ड्रमची खरखर कानाच्या आधी तळहाताला जाणवली. त्यानंतर ड्रमची वरची कड आतून धरून वर उचलून पाहिली. इथे नीट लक्ष द्यायला हवं. आतला स्टीलचा ड्रम आणि बाहेरचा प्लॅस्टिकचा टब दोन्ही मिळून हलले तर काळजी नाही. टब स्प्रिंगांवर टांगलेला असतो, तो हलणारच. पण टब जागच्या जागी आणि आतला ड्रम एकटाच खटखट हलत असेल तर बेअरिंग, म्हणजे ड्रमचा दांडा ज्यावर फिरतो ती गोळ्यांची कडी, गेलं असं समजायचं. आमचा ड्रम एकटाच हलत होता. दाराच्या रबराला लागून टब आणि ड्रमच्या मधली फट दिसते, ती वरच्या आणि खालच्या बाजूला कमीजास्त झाली होती.

बेअरिंग सहसा एकदम जात नाही. ड्रमचा दांडा टबच्या मागच्या भिंतीतून बाहेर येतो, तिथे दोन बेअरिंग असतात आणि त्यांच्यापुढे, पाण्याच्या बाजूला, रबरी सील असतं. हे सील झिजलं की साबणाचं पाणी थोडं थोडं आत झिरपतं, बेअरिंगमधलं ग्रीस धुऊन नेतं आणि गोळ्यांना गंज चढतो. म्हणजे आवाज ऐकू येतो तेव्हा सील जाऊन बराच काळ लोटलेला असतो. सगळ्या मशीनमधला सगळ्यांत स्वस्त रबरी तुकडा आधी जातो आणि बाकीच्यांना घेऊन बुडतो. आवाज सुरू झाल्यावरही मशीन तसंच चालवत राहिलं तर दांडा झिजतो, आणि मग नुसती बेअरिंग बदलून भागत नाही. म्हणून मी त्याच दिवशी मशीन बंद केलं.

कंपनीच्या टोल-फ्री नंबरवर तक्रार नोंदवताना मी 'आवाज येतो' इतकंच न म्हणता 'ड्रमला प्ले आहे, म्हणजे तो सैल हलतो, मागचं बेअरिंग आणि सील गेल्याची शंका आहे' असं लिहून घ्यायला लावलं. तक्रार नोंदवणारी मुलगी दोनदा थांबली, पण तिनं लिहिलं. याचा उपयोग पुढे झाला. तक्रार क्रमांकाच्या मेसेजमध्ये नुसतं 'नॉइज इश्यू' असं आलं असतं, तर सुटे भाग मागताना मला पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागली असती.

टेक्निशियन आला तो तरुण होता आणि कामात हुशार होता, हे आधीच सांगते. त्यानं ड्रम हलवला, मागचं पत्र्याचं झाकण काढलं आणि मोटरच्या मधोमध टॉर्च मारला. टबच्या मागच्या बाजूला, दांड्याच्या खाली, तपकिरी रंगाचा एक ओघळ वाळून चिकटला होता. "मॅडम, हा गंज बघा. सील गेलंय. टबसेट बदलावा लागेल."

"टबसेट का? बेअरिंग आणि सील बदलता नाही येणार?"

"या मॉडेलचा टब वेल्डेड आहे. दोन अर्धे भाग कारखान्यातच जोडून येतात. उघडत नाही. बेअरिंग आमच्याकडे सुटा पार्ट म्हणून येतच नाही, पूर्ण टबच येतो, आत बसवलेल्या ड्रमसकट."

त्यानं सांगितलेली रक्कम नव्या मशीनच्या निम्म्याच्या वर होती आणि मजुरी वेगळी. मी स्टिकरकडे बोट दाखवलं. तो म्हणाला, "ती फक्त मोटरची वॉरंटी आहे. मोटर ठणठणीत आहे तुमची." आणि ते खरंच होतं. इन्व्हर्टर मोटरला घासणारे कार्बन ब्रश नसतात, त्यामुळे मोटर सहजासहजी जात नाही. ज्या भागाला काही व्हायची शक्यता सगळ्यांत कमी, त्यावर सगळ्यांत लांब वॉरंटी, आणि पाणी, साबण आणि वजन सोसणाऱ्या बेअरिंगला सर्वसाधारण वॉरंटीइतकंच आयुष्य. वॉरंटी कार्ड काढून भिंग लावून वाचलं, तर त्या दहा वर्षांतही मोटर हा 'भाग' बदलून मिळणार होता. भेटीचा आकार, मजुरी आणि वाहतूक सर्वसाधारण वॉरंटीचा काळ संपल्यावर गिऱ्हाईकाच्या डोक्यावर. दरवाज्याचं रबर, पाइप, प्लॅस्टिकचे भाग, उंदरानं कुरतडलेली वायर, विजेच्या चढउतारामुळे जळलेला बोर्ड, हे सगळं आधीच यादीत वगळलेलं.

माझं म्हणणं कंपनीनं मोटरवर वॉरंटी देऊ नये असं अजिबात नाही. पण मशीनच्या दारावर मोठ्या अक्षरांत जो आकडा लिहिला जातो, तो पाहून घरातलं माणूस 'मशीन दहा वर्षं चालणार' असं समजतं आणि तसंच समजावं अशाच बेतानं तो लिहिलेला असतो. याचा मला आजही राग येतो.

निघताना टेक्निशियन म्हणाला, "मॅडम, ओटीपी आला असेल, तेवढा सांगा, कॉल क्लोज करायचाय." मी दिला नाही. ओटीपी म्हणजे तक्रार समाधानकारक सुटल्याची गिऱ्हाईकाची सही. तो बिचारा अडचणीत येऊ नये म्हणून मी त्याला सरळ सांगितलं, "तुमच्या जॉबशीटवर निदान लिहा, पार्टचा नंबर लिहा, मी सही करते. कॉल मात्र 'ग्राहकाचा निर्णय बाकी' असा उघडा ठेवा." त्यानं तसं केलं. मी जॉबशीटचा फोटो काढून ठेवला. पुढच्या सगळ्या पत्रव्यवहारात त्या एका कागदानं जितकं काम केलं तितकं माझ्या फोनवरच्या बोलण्यानं केलं नाही. फोनवर प्रत्येक वेळी नवा माणूस असतो आणि त्याला पहिल्यापासून सांगावं लागतं. ई-मेलला मागचं सगळं चिकटलेलं असतं.

मेलमध्ये मी तीनच गोष्टी विचारल्या. बेअरिंग आणि सील हे सुटे भाग का मिळत नाहीत? टबसेट घेतला तर त्यावर वॉरंटी किती? आणि हे मॉडेल बाजारातून बंद झालं असेल तर त्याचे सुटे भाग किती वर्षं मिळतील? पहिल्या प्रश्नाला 'उत्पादनाच्या रचनेनुसार' असं उत्तर आलं. दुसऱ्याला काही महिन्यांचा आकडा आला, तोही फक्त भागावर. तिसऱ्याला उत्तरच आलं नाही. मी आठवण केली, मग 'उपलब्धतेनुसार' असा एक शब्द आला.

या दरम्यान मी वाचत होते, आणि हे दुखणं आमच्या घरापुरतं नाही हे उमगत गेलं. युरोपीय संघात १ मार्च २०२१ पासून वॉशिंग मशीनसाठी नियम लागू आहेत. मॉडेलचं शेवटचं मशीन बाजारात आल्यानंतर किमान १० वर्षं ठरावीक सुटे भाग दुरुस्ती करणाऱ्या व्यावसायिकांना मिळाले पाहिजेत, आणि मागणी केल्यापासून १५ कामकाजी दिवसांत पोचले पाहिजेत. त्या यादीत मोटर आहे, पंप आहे, शॉक ॲब्सॉर्बर आहेत, आणि ड्रम, त्याला मागून धरणारा स्पायडर आणि बेअरिंगही आहेत. मला फार बरं वाटलं. पण त्याच ओळीत कंसात लिहिलंय की हे भाग सुटे दिले किंवा एकत्र जोडून दिले तरी चालतील. म्हणजे इतका चांगला नियम करूनही आमच्यासारख्या टबसेटला तिथेही वाट आहे. नियम लिहिणाऱ्या खोलीत या एका कंसावर किती खल झाला असेल, असं राहून राहून मनात येतं.

फ्रान्सनं त्याच वर्षी, जानेवारी २०२१ पासून, काही वस्तूंवर दुरुस्तीयोग्यतेचा गुणांक छापणं सक्तीचं केलं. १० पैकी गुण, आणि सुरुवातीच्या पाच वस्तूंमध्ये फ्रंट लोड वॉशिंग मशीन होतं. माहितीपुस्तिका मिळते का, मशीन सहज खोलता येतं का, सुटे भाग मिळतात का, त्यांची किंमत मूळ वस्तूच्या तुलनेत किती, हे बघून गुण द्यायचे. २०२५ पासून वॉशिंग मशीनला त्याऐवजी टिकाऊपणाचा गुणांक लागू झाला. सुट्या भागाची किंमत गुणांत धरणं मला सगळ्यांत शहाणपणाचं वाटलं. भाग 'उपलब्ध' असूनही नव्या मशीनच्या निम्म्या किमतीला मिळत असेल तर त्या उपलब्धतेला काय अर्थ?

टेक्निशियननं जाताजाता आणखी एक सांगितलं होतं: "बाहेरच्या माणसाकडून उघडलंत तर मोटरची वॉरंटीही जाईल." हे वाक्य जवळजवळ प्रत्येक घरात ऐकवलं जातं. मी कार्डातलं नेमकं कलम शोधलं. तिथे लिहिलं होतं की अनधिकृत दुरुस्तीमुळे झालेलं नुकसान वॉरंटीत धरलं जाणार नाही. झालेलं नुकसान. म्हणजे बाहेरच्या माणसानं बेअरिंग बदललं म्हणून पुढे आपोआप बिघडलेल्या मोटरची जबाबदारी संपते असं त्या कलमात कुठेही नव्हतं. मी ते कलम उतरवून मेलवर खुलासा मागितला आणि उत्तरात त्यांनी तेच कलम पुन्हा पाठवलं. मी ते उत्तर जपून ठेवलंय. अमेरिकेत तर १९७५ च्या मॅग्नसन-मॉस वॉरंटी कायद्यानुसार केवळ दुसऱ्याकडून दुरुस्ती करून घेतली किंवा दुसऱ्याचा भाग वापरला एवढ्यावरून कंपनीला वॉरंटी नाकारता येत नाही, आणि 'स्टिकर काढल्यास वॉरंटी रद्द' छापाच्या अटींबद्दल तिथल्या फेडरल ट्रेड कमिशननं २०१८ मध्ये काही कंपन्यांना ताकिदीची पत्रं धाडली होती. प्रत्येक देशाचा कायदा वेगळा, पण कार्डावरचं वाक्य आणि तोंडी सांगितलेलं वाक्य यांत फरक असतो, हे सगळीकडे सारखंच असावं.

मग आम्ही एका स्वतंत्र मेकॅनिककाकांना बोलावलं. नणंदेच्या घरचं मशीन त्यांनीच दुरुस्त केलं होतं. त्यांनी टब बाहेरून चाचपला, जोडावर अंगठा फिरवला आणि म्हणाले, "ताई, वेल्डेड आहे, पण कडेला पट्टी सोडलीय. कापून परत बोल्टनं जोडता येईल. गळणार नाही याची खात्री मी देतो. पण स्पायडर खाल्लेला निघाला तर तिथे माझा इलाज नाही, हे आधीच सांगतो." जे जमणार नाही ते आधी सांगणारा माणूस, म्हणून मी होकार दिला.

ते काम मी सुरुवातीपासून शेवटपर्यंत शेजारी बसून पाहिलं. वरचं झाकण, साबणाचा खण, दाराच्या रबराची स्प्रिंग, पुढचा पत्रा, मग टबला लावलेली काँक्रीटची वजनं. ती इतकी जड असतात हे मला ठाऊक नव्हतं. पिळताना मशीन जागेवरून सरकू नये म्हणून ती लावलेली असतात. वायरचा प्रत्येक कनेक्टर काढण्याआधी काका मला फोटो काढायला सांगत होते. "जोडताना आठवणीवर भरवसा नाही ठेवायचा," हे ते दर वेळी म्हणायचे. मागून मोटरचा रोटर, म्हणजे फिरणारा भाग, उतरवला, शॉक ॲब्सॉर्बर सोडवले, आणि दोघांनी मिळून टब उचलून जमिनीवर पालथा घातला.

जोडाच्या पट्टीवर त्यांनी आधी ठरावीक अंतरानं बारीक भोकं पाडली. कापल्यानंतर दोन्ही अर्धे भाग नेमके तसेच जुळावेत म्हणून भोकं आधी, करवत नंतर. मग बारीक दातांच्या करवतीनं जोडावरून गोल फिरत कापत गेले. घाई अजिबात नाही. टब उघडल्यावर आतलं दृश्य बघवत नव्हतं. बाहेरून लखलखणाऱ्या ड्रमच्या पाठीवर साबणाचा राखाडी थर बसला होता. तो आम्ही ब्रशनं काढला आणि खालून स्पायडर दिसला.

स्पायडर म्हणजे ड्रमला मागून धरणारा तीन हातांचा सांगाडा. तो बहुतेक मशीनांत ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूचा असतो आणि ड्रम स्टेनलेस स्टीलचा. दोन वेगळे धातू एकमेकांना चिकटलेले आणि वर साबणाचं खारट पाणी, अशा ठिकाणी ॲल्युमिनियम आधी झिजतं. शिवाय साबणाचं पाणी अल्कधर्मी असतं आणि तेही ॲल्युमिनियमला मानवत नाही. आमच्या स्पायडरवर पांढरी भुकटी आणि सुईनं टोचल्यासारखे खळगे होते. काकांनी प्रत्येक हातावर हातोडीनं हलकेच ठोकून आवाज ऐकला. "खणखणीत आहे. वाचलात." साबण जास्त घातला की तो नीट धुऊन जात नाही, तिथेच साचतो आणि रोज थोडं थोडं खात राहतो. कायम थंड पाण्यावर आणि छोट्या वॉशवर चालणाऱ्या मशीनमध्ये हा थर जास्त दिसतो, असा काकांचा अनुभव. तेव्हापासून आमच्याकडे साबण मोजून आणि अधूनमधून एक गरम पाण्याची रिकामी फेरी.

दांडा उपसून काढल्यावर जुनी बेअरिंग हाताला लागली. मागचं फिरत होतं, पुढचं पार जाम. त्यातून गंजाचं तांबडं पाणी निघालं. पण त्याच्या कडेवर कोरलेला आकडा स्वच्छ वाचता आला: ६२०६. दुसऱ्याचा ६२०५. हे आकडे त्या कंपनीचे नाहीत, जगभर चालणारे प्रमाणित आकार आहेत. ६२०५ म्हणजे आतून २५ मिलिमीटर, बाहेरून ५२, जाडी १५. ६२०६ म्हणजे ३०, ६२ आणि १६. कुठल्याही बेअरिंगच्या दुकानात, कुठल्याही चांगल्या कंपनीचं मिळतं. 'सुटा पार्ट येतच नाही' असं मला ज्या वस्तूबद्दल सांगितलं होतं, ती वस्तू पंपांत, मोटरींत, शेतीच्या यंत्रांत, सगळीकडे फिरत असते. मी तो गंजलेला तुकडा हातात धरून बराच वेळ बसले होते. एवढ्याशा वस्तूसाठी अख्खा टब, ड्रम आणि स्पायडर भंगारात जाणार होता.

रबरी सीलवरही माप छापलेलं असतं, तेही जुळवून आणलं. नवं बेअरिंग बसवताना काकांनी जुन्याच बेअरिंगची कडी ठोकायला वापरली, आणि ठोके फक्त बाहेरच्या कडीवर. आतल्या कडीवर ठोकलं तर तो मार गोळ्यांमधून जातो आणि नवं बेअरिंग बसवतानाच खराब होतं. सीलच्या ओठांमध्ये पाण्यानं न धुपणारं ग्रीस भरलं. मग टबच्या जोडावर सिलिकॉनची अखंड रेघ, दोन्ही भाग जुळवून भोकांतून बोल्ट, आणि समोरासमोरचे बोल्ट थोडे थोडे आवळत पूर्ण फेरी. सिलिकॉन सुकायला रात्रभर ठेवलं. दुसऱ्या दिवशी जोडणी केली, खाली कोरडा कागद अंथरला आणि पूर्ण फेरी चालवली. कागद कोरडा राहिला. पिळताना ड्रम पूर्ण वेगात गेला तरी दुसऱ्या खोलीत बोलणं ऐकू येत होतं.

या दुरुस्तीचा एकूण खर्च टबसेटच्या नुसत्या भागाच्या किमतीच्या चौथ्या हिश्शाहून कमी आला. काकांनी बिलावर बेअरिंगचे नंबर, सीलचं माप आणि तारीख लिहून दिली. पुढच्या वेळी टब कापावा लागणार नाही, नुसते बोल्ट सोडले की उघडेल. म्हणजे कारखान्यातून आला त्यापेक्षा तो टब आता दुरुस्तीला सोपा झालाय, आणि हे एका माणसानं हातानं केलं. कंपनीला ते करता येत नाही असं मला कुणीही पटवून देऊ शकणार नाही. ज्यांचे टब बोल्टनं जोडलेले असतात अशी मॉडेलंही बाजारात आहेत.

मशीन मार्गी लागलं आणि फ्रिज थंड होईना. 'कंप्रेसरवर १० वर्षं' हा स्टिकर तिथेही होता, पण या खेपेला मी आधी कार्ड वाचलं, मग फोन केला. कंप्रेसर चालू होता, गॅस गेला होता. कंप्रेसरच्या वॉरंटीत गॅस भरणं येत नाही, गळती शोधणं येत नाही. इथे एक गोष्ट जीव तोडून सांगते. नुसता गॅस भरून देतो म्हणणाऱ्याला थांबवा. फ्रिजची नळी बंद चक्रात असते, गॅस वापरून संपत नाही. कमी झाला म्हणजे कुठेतरी गळतंय, आणि ती जागा सापडल्याशिवाय भरलेला गॅस पुन्हा जाणार. आणि हल्लीच्या पुष्कळ फ्रिजांत आर-६०० ए म्हणजे आयसोब्युटेन असतो. तो ज्वलनशील आहे. प्रमाण थोडं असतं, पण काम जाणकाराचंच आणि खिडक्या उघड्या ठेवूनच.

आमची गळती मागच्या उघड्या नळीच्या जोडावर निघाली. जोड नव्यानं बसवला, नळीतला ओलावा टिपणारा जुना फिल्टर-ड्रायर बदलला, व्हॅक्यूम करून म्हणजे नळीतली हवा ओढून काढून वजनानं गॅस भरला. गळती भिंतीच्या फोममध्ये पुरलेल्या नळीत असती तर तो फ्रिज गेलाच असता, कारण ती भिंत उघडताच येत नाही. मेकॅनिक मंडळी याला 'बॉडी लीक' म्हणतात आणि सांगताना त्यांचाही चेहरा पडतो.

गीझरचं थोडक्यात सांगते. टाकीत मॅग्नेशियमचा एक दांडा असतो, अॅनोड म्हणतात. टाकीऐवजी स्वतः झिजायचं एवढंच त्याचं काम. पाणी जड असेल तर तो लवकर संपतो आणि मग टाकीला गंज लागतो. टाकीवर भरघोस वॉरंटी देणाऱ्या काही कार्डांत हा दांडा वेळच्या वेळी, कंपनीच्याच माणसाकडून बदलल्याची पावती मागतात. आमच्याकडे आता ती पावती असते.

एक्स्टेंडेड वॉरंटीबद्दल विचारणा होते म्हणून माझा अनुभव सांगते. टीव्हीसोबत घेतली होती आणि कामी आली, बोर्ड बदलून मिळाला. पण घेताना मी लेखी विचारलं होतं की ही जबाबदारी उत्पादक कंपनीची, दुकानाची की तिसऱ्याच कुणाची, दुरुस्ती न झाल्यास पूर्ण रक्कम मिळणार की घसारा वजा जाता, आणि मजुरी धरलीय का. दुकानातल्या मुलाला घसाऱ्याचं उत्तर माहीत नव्हतं, त्यानं वरच्यांना विचारून मेल केला. तो मेल मी बिलाला जोडून ठेवला आणि दावा करताना तोच पुढे केला. मूळ बिलाची थर्मल कागदावरची शाई उडून जाते, त्यामुळे घरी आल्याआल्या फोटो. अनुक्रमांकाच्या पट्टीचाही फोटो, कारण मशीन भिंतीला लागलं की ती पट्टी दिसत नाही.

अलीकडे नणंदेला नवं वॉशिंग मशीन घ्यायचं होतं. आम्ही दोघी दुकानात गेलो तेव्हा विक्रेता आवडीनं वॉशचे प्रोग्रॅम, मोबाइलवरून चालू करायची सोय, वाफेची फेरी, सगळं दाखवत होता. तिनं शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "या मॉडेलचा टब बोल्टचा आहे की वेल्डेड? बेअरिंगचा आणि सीलचा पार्ट नंबर वेगळा मिळेल का?" त्याला ते माहीत नव्हतं. पण त्यानं टाळलं नाही, सर्व्हिस सेंटरला फोन लावून स्पीकरवर टाकला. एका मॉडेलचा टब बोल्टचा निघाला आणि सीलला वेगळा पार्ट नंबर होता. त्याच्या मोटरवरची वॉरंटी शेजारच्या मॉडेलपेक्षा कमी वर्षांची होती. तिनं तेच घेतलं आणि तो पार्ट नंबर विक्रेत्याकडून बिलाच्या मागे लिहून घेतला.